तुम्ही विचारलंत म्हणून : मालिशीत शिकायचं काय असतं?

लग्नात, जत्रेत, एसटी स्टँडवर आणि आता फोनवरही तोच प्रश्न येतो. पैलवान माणूस तू, लोकांची अंगं रगडायला शिकायला पुण्याला कशाला गेलास? त्यात शिकायचं काय असतं? विचारणाऱ्यांपैकी बरेच जण मला लहानपणापासून ओळखतात. माझा गुडघा कुठल्या मैदानात गेला हे त्यांना माझ्याइतकंच आठवतं, म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. इतकी वर्षं मी 'पोटासाठी' एवढंच म्हणायचो आणि विषय संपवायचो. पण पोटासाठी दुसरी कामं होती. मामा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर बसवायला तयार होता, तोही महिन्याच्या पगारावर. मी तिकडे गेलो नाही, ह्या कामाला गेलो. तेव्हा एकदा नीट उत्तर देतो.

रगडायला मला आधीपासूनच येत होतं. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत वाढलेल्या पोराला ते येतं. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, की थोरल्यांची पाठ, मांड्या, पोटऱ्या चोळायच्या. तळहातानं, कोपरानं, वेळ पडली तर पाठीवर उभं राहून टाचेनं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कुणाचा मुलगा कुणाच्या पायाला तेल लावतोय हे तालमीत कुणी बघत नाही. कमीपणा येतो तो त्याचे पैसे घेतले की. आत्यानं मला तोंडावर विचारलं होतं, "आपल्यात कुणी करतं का हे काम?" गावात हे काम नाभिकांच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, बलुत्यावर केलं, आणि त्याचा मान त्यांना कुणी दिला नाही. आत्याला म्हणायचं होतं ते हेच. मला राग आला. तरीही सुरुवातीची काही वर्षं पाहुण्यांत कुणी विचारलं की मी 'फिजिओथेरपीच्या लायनीत आहे' असं म्हणत असे, हेही खरं आहे.

आता शिकण्याबद्दल. पुण्यातल्या कोर्सला पहिले काही आठवडे तेलाला हातच लावू दिला नाही. हाडं, स्नायू, ते कुठून निघतात, कुठे चिकटतात, शिरा आणि धमन्या कुठून जातात, हेच चाललं होतं. मग शिकवलं ते जोर द्यायच्या जागांच्या आधी जोर न द्यायच्या जागांबद्दल. गळ्याची पुढची बाजू, कारण मेंदूकडे जाणारी मोठी धमनी तिथे उघड्यावर असते. काख. जांघ. गुडघ्यामागची खळगी. तालमीत ह्यातल्या निम्म्या जागांवर आम्ही अंगठा रोवायचो आणि समोरचा कळवळला की म्हणायचो, बरोबर नस सापडली.

एक सराव मला फार जड गेला. टेलिफोन डिरेक्टरीच्या एका पानाखाली डोक्याचा केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटानं शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. माझ्या शेजारची मुलगी सातारची, आयुष्यात कधी कुणाला न रगडलेली, ती पानांवर पानं टाकत पुढे गेली. मला पहिल्या पानाखालचाही केस लागेना. हात मातीनं आणि दोरानं राठ झालेले होते, आणि त्यांना फक्त ढकलायची सवय होती. बाई म्हणाल्या, "तुमचा हात सारखा बोलतोय, ऐकत नाहीये." रोज रात्री खोलीवर तेवढंच करत बसायचो. पुढे त्याच बोटांना खांद्यातला ताठलेला स्नायू आणि त्याखालची बरगडी वेगवेगळी कळू लागली, तेव्हा मला पहिली कुस्ती मारल्याइतका आनंद झाला होता. हे पाहुण्यांना कसं सांगणार?

काही गोष्टी विसराव्याही लागल्या. व्यायामानंतर अंगात लॅक्टिक ॲसिड साठतं आणि मालिशीनं ते निघून जातं, असं मी शपथेवर सांगायचो. तसं नसतं. ते व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर आपलं आपण निपटून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचं कारण वेगळं आहे, न सरावलेल्या ताणानं स्नायूंच्या तंतूंना झालेली बारीक इजा. मालिशीनं ते दुखणं थोडं कमी होतं, झोप लागते, अंग मोकळं वाटतं. एवढंच. सरकलेली चकती जागेवर बसवणारा, मणक्यात गॅप असेल तर तो भरून काढणारा मी नव्हे. असं सांगितलं की गिऱ्हाईक जातं आणि तसा दावा करणाऱ्याकडे रांग लागते. आपल्याकडे मालिश करणाऱ्याला डॉक्टरासारखी नोंदणी नाही, आठ दिवस शिकलेला आणि वर्षभर शिकलेला दोघांची पाटी सारखीच. माझी चीड आहे ती इथे.

दुसरा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात. 'तसलं' तर नाही ना? वर्गातल्या मुलींना तो आमच्या दसपट ऐकावा लागायचा. त्यातल्या एकीनं कोर्स अर्ध्यात सोडला, कारण घरच्यांनी पेपरात स्पावरच्या छाप्याची बातमी वाचली. त्या वेळी बाईंनी आम्हाला लंडनची हकिगत सांगितली होती. 1894 साली तिथे असाच गवगवा झाला, मालिशीच्या पाट्यांमागे भलतेच धंदे चालतात म्हणून. तेव्हा रुग्णसेवेतल्या चार बायकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिशकारांची संस्था काढली. परीक्षा ठेवली, नियम घातले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुरुष रुग्ण घ्यायचा नाही, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठे जाहिरात करायची नाही. त्याच संस्थेला 1920 मध्ये राजसनद मिळाली आणि 1944 मध्ये तिचं नाव 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' झालं. म्हणजे आज ज्या फिजिओला तुम्ही डॉक्टर म्हणून नमस्कार करता, त्याचा धंदा तिथे ह्याच बदनामीतून उभा राहिला. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तो विलायतेचा विषय झाला."

मग इथलं सांगतो. कोर्सनंतर मी केरळात काही महिने राहिलो, एका कळरीत. कळरी म्हणजे त्यांची तालीमच. आणि तिथे अंगाला तेल लावणारा माणूस हा स्वतः गुरुक्कल असतो. लढायला शिकवणारा तोच, मोडलेलं बांधणारा तोच, मर्मं कुठे आहेत ते जाणणारा तोच. पावसाळ्यात, त्यांच्या कर्कटक महिन्यात, शिष्य चटईवर आडवा होतो आणि गुरुक्कल वर बांधलेल्या दोराला धरून पायानं त्याची मालिश करतो. पायाच्या तळव्यानं, टाचेपासून हाताच्या बोटापर्यंत एका ओढीत. वजन दोरावर तोललेलं, खाली जाईल तेवढंच जाईल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमची तालीम डोळ्यांपुढे आली. आमच्यात धाकट्यानं थोरल्याचं अंग चोळायचं, ती सेवा. त्यांच्यात थोरल्यानं धाकट्याचं, ती विद्या. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीसाठी काय नाही केलं? 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, उत्तरेतले मल्ल इथे आणले, तालमी उभ्या केल्या. पण रगडणाऱ्या हाताला आमच्यात कुणी वस्ताद म्हटलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहितोय, आणि ती आहेच.

आता जे सांगायला इतका वेळ लावला ते.

परतल्यावर वर्षभरात वस्ताद आजारी पडले. न्यूमोनियानं दवाखान्यात बरेच दिवस पडून होते, नुकतेच घरी आले होते. एका संध्याकाळी निरोप आला, पाय धरलाय, ये. मी गेलो तेव्हा सोप्यात जुने पैलवान बसलेले. वस्ताद खाटेवर, वाटीत तेल कोमट करून ठेवलेलं. म्हणाले, "ये पोरा. पुण्याला काय शिकून आलायस ते दाव ह्यांना." त्यांनी मला लोकांत दाखवायला बोलावलं होतं. त्यांचा पठ्ठा म्हणून. हे मला दारातच कळलं आणि माझी छाती भरून आली.

शिकवल्याप्रमाणे दोन्ही पाय शेजारी ठेवून आधी नुसते बघितले. डावी पोटरी जाड दिसत होती. कातडी ताणलेली, चकाकणारी. हाताचा पालथा भाग टेकवला, उजव्यापेक्षा ऊन लागली. हलकेच दाबलं तर त्यांनी पाय ओढून घेतला, आणि आमचे वस्ताद दुखण्यानं पाय ओढून घेणारे नव्हेत. मी सुतळी मागितली. गुडघ्याखाली दोन्हीकडे सारख्या अंतरावर गुंडाळून मोजलं. दोन बोटांचा फरक, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या वर. पडून राहिलेला म्हातारा माणूस, एकाच पायाला सूज, ऊब, दुखणं. अशा पायात खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली आणि सुटली तर शिरेतून हृदयात आणि तिथून फुफ्फुसात जाते. माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो.

मी म्हटलं, "वस्ताद, ह्या पायाला हात लावत नाही. आत्ताच दवाखान्यात जाऊ, शिरांची सोनोग्राफी करू."

"गुडघ्याची सूज हाय ती. चाळीस वर्षं बघतोय मी."

"असंल. पण बघितल्याशिवाय न्हाई."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "शिकला न्हवं, आता वस्तादाच्या पायाला हात लावाय कमीपणा वाटतोय." मी काही बोललो नाही. तेवढ्यात माझ्याहून थोरला एक पैलवान उठला, हातावर तेल घेतलं आणि पोटरीला लावायला वाकला. मी त्याचं मनगट धरलं. वस्तादांच्या घरात, वस्तादांच्या समोर, थोरल्याचं मनगट. सगळे गप्प झाले. वस्ताद माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जा."

मी बाहेर आलो आणि त्यांच्या मुलाला अंगणात सगळं सांगितलं. तो शहाणा निघाला. रात्रीच घेऊन गेला.

शिरा स्वच्छ होत्या. गुठळी नव्हती. गुडघा झिजल्यावर मागच्या खळगीत पाण्याची पिशवी होते, तिला बेकर्स सिस्ट म्हणतात, ती फुटून पाणी पोटरीत उतरलं होतं. म्हणजे वस्ताद म्हणाले तेच, गुडघ्याची सूज. दुसऱ्या दिवशी तालमीत ही बातमी माझ्याआधी पोचली होती. पोरानं उगाच घाबरवलं. पुण्याला जाऊन भित्रा झाला.

फुटलेली पिशवी आणि गुठळी वरून सारखीच दिसतात. डॉक्टरसुद्धा हातानं खात्री देत नाहीत, म्हणूनच तर तपासणी करतात. तिथे मी दुसरं काही करू शकत नव्हतो, आज तोच पाय समोर आला तर आजही करणार नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून नकार चुकीचा ठरत नाही. हे मी शंभरदा सांगितलं आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दरवेळी तेच बघितलं : पण काही नव्हतंच ना? गुठळी निघाली असती तर मी गावात देव झालो असतो. तसं निघावं असं मला कधीही वाटलं नाही, त्या रात्रीसुद्धा नाही. पण लोकांना कळायला तेच लागलं असतं, हे मला अजून गिळवत नाही.

आणि माझ्या आत अजून तालमीतलं पोर बसलेलं आहे, ते वेगळंच विचारतं. नकार द्यायचा होता, दे. पण भरल्या सोप्यात? मुलाला आधीच बाहेर बोलावता आलं नसतं? वस्तादांना कानात सांगता आलं नसतं? मनगट धरायलाच हवं होतं? मी त्याला सांगतो, तेल हातावर घेतलं होतं रे त्यानं, कानात सांगायला वेळ कुठे होता. ते म्हणतं, सुतळी मागितलीस तेव्हा वेळ होता. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कोर्सला संमती शिकवली, नकार शिकवला, टॉवेल कसा पांघरायचा ते शिकवलं. ज्यानं तुला उभं केलं त्याला चार माणसांत नाही कसं म्हणायचं, ते कुणी शिकवलं नाही. शिकवता येत असेल असंही वाटत नाही.

दर गुरुपौर्णिमेला मी जातो. वस्ताद पाय पुढे करतात. मी पाया पडतो. बोलत नाहीत. त्यांची पोटरी तेव्हाच बरी झाली, गुडघा तसाच आहे. त्यांना रोज रगडतो तो तालमीतला नवा पोरगा, गुडघ्यामागच्या खळगीत अंगठा रोवून. मुलाला एकदा सांगितलं, तिथे दाबू देऊ नका. तो म्हणाला, तुम्हीच सांगा बाबांना.

गेल्या महिन्यात त्याच तालमीतल्या एका पोराचे वडील आले होते. पोराचा खांदा दोनदा निखळलाय, कुस्ती सुटणार. त्यांनी विचारलं, फी किती, पगार किती, पुढं लग्नाचं काय. फी सांगितली. सुरुवातीला पगार कमी असतो, तेही सांगितलं. अंगठ्याचे सांधे आधी जातात, म्हणून हातानं नव्हे, अंगाच्या वजनानं काम करायला शिकावं लागतं, हेही. लग्नाचं म्हणाल तर माझी बायको नर्स आहे, तिच्या घरी हा प्रश्न निघाला नाही, पण त्याआधी काही ठिकाणी निघाला होता. ते बराच वेळ बसले. जाताना म्हणाले, वस्तादांना विचारून बघतो.

अजून कळवलेलं नाही त्यांनी.