जीवशास्त्राच्या बाई आणि जवारी मिरची

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर जीवशास्त्राच्या बाईच उभ्या राहिल्या. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. सगळ्यांचं ऋण मोठं आहे, पण मी मिरचीच्या पैदासीत आले ती बाईंमुळे.

पुस्तकात मेंडेलचे वाटाणे होते. बाईंनी आनुवंशिकता शिकवली ती संकेश्वरी जवारी, म्हणजे देशी, मिरचीवर, कारण ती आपल्या प्रत्येकाच्या घरी होती. मिरची उभी चिरून त्या दाखवत, की तिखटपणा बियांमध्ये नसतो; बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तिथे तो तयार होतो. ढोबळी आणि जवारीचा संकर केला तर पहिली पिढी सगळी तिखट येते. तिचं स्वबी, म्हणजे स्वतःच्याच परागाचं बी, धरलं की दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक झाड बिनतिखट निघतं.

शाळेमागच्या वाफ्यात हा संकर हाताने चाले. मिरचीच्या फुलात निळसर-जांभळे परागकोश पाच-सहा असतात आणि ते फूल उमलल्यावर फुटतात. म्हणून उद्या उमलणारी टपोरी कळी आदल्या दिवशी चारनंतर धरायची. पाकळ्या बाजूला करून एकेक परागकोश देठाशी चिमट्यात धरून उचलायचा. मध्येच दाबला तर तो फुटतो, पराग तिथेच सांडतो आणि संकराऐवजी स्वबी धरतं. भिंगातून पाहायचं, परागकोशाला चीर दिसली की कळी टाकून द्यायची. दर फुलानंतर चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. ओल्या स्पिरिटने पुढचा पराग मरतो. वर बटर पेपरची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी नर म्हणून निवडलेल्या झाडाच्या नुकत्या उमललेल्या फुलाचा पराग कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, टेकवायचा, पुन्हा पिशवी बांधायची. त्या फांदीवरची आधीची फळं खुडायची, नाहीतर झाड अन्न तिकडे वळवतं आणि संकराचं फूल गळतं. पारा ३५ अंशांवर गेला की फुलगळ वाढते, म्हणून बाई हे काम पावसाळा सरताना ठेवत.

चिठ्ठीवर आधी मादीचं नाव, मग गुणिलेची खूण, मग नराचं, खाली दोन्ही तारखा. सगळं पेन्सिलीने. एका ऑक्टोबरात परतीच्या पावसाने दुसऱ्या तुकडीच्या वाफ्यातल्या शाईच्या चिठ्ठ्या धुऊन नेल्या. पुढे फळं लालबुंद झाली. कुठलं फळ कोणत्या संकराचं हे मुलांना तोंडपाठ होतं. हेडमास्तरही म्हणाले, "ठेवा की बाई, पोरं राबलीत." बाईंनी सगळी फळं चटणीला देऊन टाकली. "आठवणीवरून वंशावळ लिहीत नसतात," एवढंच बोलल्या. वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही. निवडीतून वाण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या लागतात, आणि पहिल्याच पिढीची नोंद चुकली तर पुढचं सगळं वाया जातं, हे त्या दिवशी जसं कळलं तसं पुढे कुठल्याही ग्रंथातून कळलं नसतं.

बाई शास्त्रज्ञांची चरित्रं सांगत नसत, काम सांगत. जानकी अम्माळ १९३४ साली कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात गेल्या. तिथे त्यांनी मादी ऊस आणि नर मका असा संकर घडवला. १९४५ साली डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश काढला. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ साली मक्याच्या नवव्या गुणसूत्रावर दाखवून दिलं की दाण्याचे गुण नव्याने जुळतात तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखर बदलतात. गुणसूत्राच्या टोकाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली दिसायची, म्हणून ते पकडता आलं. मॅक्लिंटॉक यांना नोबेल मिळालं ते १९८३ साली, जागा बदलणाऱ्या जनुकांसाठी. मुलींच्या बाकांकडे वळून बाई म्हणत, "हे सगळं एकेक झाड ओळखून झालंय."

आज आमच्या विभागात बऱ्याच मुली आहेत. कोवळ्या पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून, फळ धरायच्या आधीच, रोप तिखट निघणार का ते त्या सांगतात. फळाची लांबी, सुरकुत्या, वाळवल्यावर टिकणारा रंग मात्र अनेक जनुकांच्या हाती. त्यासाठी शेतातच उभं राहावं लागतं. आणि झाडाला बांधलेली चिठ्ठी अजूनही पेन्सिलीनेच लिहिली जाते.

शाळेमागचा वाफा आता राहिलेला नाही, तिथे गाड्या लागतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. गावात घरचं बी धरणंही कमी झालंय, आणि शेजारी संकरित मिरची असली की मधमाश्या परका पराग आणतात. प्रमाणित बियाण्याला म्हणूनच २०० मीटर अंतर लागतं. शाळेला ते जमणार नाही, पण नायलॉनची बारीक जाळी जमेल. फुलं लागण्याआधी जाळी टाकावी, आत झाड स्वतःचंच बी धरतं. बोकड्या, म्हणजे पानं आकसणारा रोग, आलेली झाडं आधीच उपटावीत, उरलेल्या पन्नासेक झाडांचं बी एकत्र करावं. सावलीत वाळवून ओलावा ८ टक्क्यांवर आणावा. समितीने एक गुंठा जागा दिली, तर जवारीची रोपं आणि पहिल्या वर्षाची जाळी माझ्याकडून.