मध्येच उठता येतं म्हणून

ज्या मुलांना शाळेत चित्रकला शिकवली ती आता कुठं कुठं नोकरीला आहेत. अंबाजोगाईला आली की घरी डोकावतात. भिंतीवरची चित्रं बघून जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "बाई, तुमचं वॉटरकलर किती सुंदर होतं! ते सोडून हे माती कालवणं कशाला सुरू केलंत?" शेजारच्या वहिनींचा प्रश्न वेगळा असतो : "स्वयंपाक करता करता चित्रं कशी काय काढता हो तुम्ही?" मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. दारात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वॉटरकलरबद्दल. त्याच्याविषयी माझ्या मनात अढी नाही, आजही कुणी चांगला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग पातळ हात, घातलेला दिसला की मी थांबून बघते. पण ते माध्यम घाईचं आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा वापरायचा नसतो, कागदच पांढरा राखायचा असतो. फिक्याकडून गडदाकडं जायचं. आकाश ओलं आहे तोवर ढग, ढग ओले आहेत तोवर डोंगराची कड. मी रविवारी दुपारी घरातली सगळी झोपली की बसायचे, आणि नेमका अर्धा वॉश झाला की दूध वर यायचं, नाही तर दारात गॅसवाला. उठून परत येईपर्यंत वाळल्या-ओल्या रंगाच्या सीमेवर एक कडक रेघ पडलेली असायची. ती रेघ काही केल्या जात नाही. अशी रेघ पडलेल्या चित्रांचा एक गठ्ठा अजून कपाटाखाली आहे, आणि त्यातल्या कितीतरी रेघा कशामुळं पडल्या ते मला आठवतं. ही भाच्याच्या बारशाच्या दिवसाची, ही पाहुणे अचानक आले तेव्हाची.

दुसरी गोष्ट फार उशिरा लक्षात आली. मी काढत काय होते? माडाची झाडं, समुद्र, होड्या, पावसातले हिरवेगार घाट. नुसती मीच नाही, माझी मुलंसुद्धा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो. आमची मुलं त्यात झावळ्या आणि लाटा काढायची. बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसायचा. स्मरण कशाचं होतं ते? झावळ्या कशा काढायच्या ते मीच फळ्यावर दाखवलेलं होतं. वर्गाच्या खिडकीतून बाभळी दिसत होत्या, करडईचं पिवळं शेत दिसत होतं, त्यापलीकडं नांगरलेलं काळं रान. त्याकडं मी त्यांना एकदाही वळून बघायला सांगितलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

निवृत्त झाले त्या वर्षी येळवशीला भावाच्या शेतावर गेलो होतो. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडून पूजा करायची आणि मग पंगत. मडक्यातली आंबील, ओले दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर. आदल्या दिवशीपासून राबून केलेलं हे जेवण घरात बसून खाल्लं तर त्याला ती चव नाही, हे माझं ठाम मत आहे.

त्या वर्षी भावानं विहिरीचं काम काढलेलं होतं. वर आलेल्या काळ्या दगडाच्या ढिगाशेजारी एक लहान ढीग लालभडक मातीचा होता. भाऊ म्हणाला, "आक्का, दोन दगडांच्या मधी हातभर लालच लाल लागलं बघ." पुढं भूगोलाच्या सरांना विचारलं तेव्हा कळलं की आपलं हे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर येत गेले. दोन थरांच्या मधल्या काळात खालच्या दगडाची झीज होऊन माती झाली, आणि पुढचा तापलेला थर तिच्यावर पसरला. हा लाल पट्टा म्हणजे ती माती. मी त्यातलं एक ढेकूळ उचललं, हात धुतला आणि जेवायला बसले. आंबील पिताना बघते तर नखांत लाल तसाच. भज्जीच्या रिकाम्या डब्यात ती माती भरून घरी आणली. का आणली, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मातीचा रंग कसा करायचा हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पण बादलीत माती घालून ढवळली आणि हातांना ते काम ओळखीचं वाटलं. कुरडयांसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, वाटतो, चीक फडक्यातून गाळतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं की खाली घट्ट चीक बसलेला. मातीचंही तेच. ढवळायचं, मिनिटभर थांबायचं, जड वाळू तळाशी बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचं. वाळू टाकून द्यायची, गढूळ पाणी राखायचं. असं तीनदा केलं आणि शेवटचं पाणी रात्रभर निवळू दिलं की तळाशी जी साय बसते, ती बोटांना लोण्यासारखी लागते. तीच वाळवून, खलून ठेवायची. आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. ओट्यावरची पातेली बघून ती म्हणाली, "काय करायलीस गं? उन्हाळा तर लांब हाये अजून." तिला वाटलं मी कुरडयांचा घाट घातला.

नुसती माती कागदावर धरत नाही. वाळली की बोटाला येते. तिला डिंक लागतो. बाभळीचा डिंक रात्री भिजत घालते, सकाळी मलमलीतून गाळते, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब. किती घालायचा? याचं माप मी तीन महिने शोधत होते. कमी पडला तर रंग पुसून निघतो, जास्त झाला तर चमकतो आणि तडकतो. शेवटी मला ते भाकरीतून समजलं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कड फाटते. अशा वेळी आपण उकळतं पाणी घालून पिठाला चिकटा आणतो. तेही जास्त झालं तर भाकरी चिवट. रंगालाही विरी असते, इतकंच. आता मी चमचे मोजत नाही, बोटांत घेऊन बघते.

काही गोष्टी फसल्या, त्याही सांगते, कारण कुणी करून बघणार असेल तर उपयोगी पडतील. काळ्या मातीचा रंग करू नका. मला तिचं फार होतं, आपली माती म्हणून. पण ही माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला जशा भेगा पडतात तशाच कागदावर पडल्या, आणि वाळल्यावर ती काळीही राहिली नाही, राखाडी दिसायला लागली. काळ्यासाठी मी तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर पितळी ताटली धरते आणि काजळी जमवते. हळद सुरुवातीला सोन्यासारखी दिसते, पण उजेडात टिकत नाही. खिडकीसमोर लावलेल्या चित्रातलं पिवळं रान बघता बघता फिकट पडलं. पिवळ्यासाठी पिवडीच घ्यावी, ती मातीच आहे. पांढऱ्यासाठी खडू कुटते. घरात खडूंचे खोके होतेच.

कागद खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा आहे. तुघलकानं १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आलेल्या कागद करणाऱ्या कारागिरांचं हे गाव, असं तिथं सांगतात. हातकागद पाणी पितो, म्हणून त्याला आधी खळ लावावी लागते. भाताची पेज निथळून तीच पातळ करून लावते आणि वाळल्यावर गुळगुळीत गारगोटीनं घोटते. पहिली तीन चित्रं कसरीनं खाल्ली, पेज तिलाही आवडते. आता खळीत चिमूटभर तुरटी घालते आणि धान्याच्या कोठीत घालतो तसा कडुलिंबाचा वाळला पाला चित्रांच्या गठ्ठ्यात. रंगाचा खल मात्र वेगळा ठेवला आहे, जेवणाच्या भांड्यांत तो मिसळू देत नाही.

आता अजिंठ्याचं सांगायला हवं. शाळेच्या सहली घेऊन मी तिथं किती वेळा गेले याची गणती नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती लेणी दिसली, वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर तीस लेणी आहेत, पहिल्या लेण्यात पद्मपाणी, हे सगळं मी मुलांना पाठ करून सांगितलेलं. माती कालवायला लागल्यावर एकदा एकटी गेले आणि पहिल्यांदाच चित्रांकडं न बघता चित्रं जिथं गळून पडली आहेत तिथं बघितलं. खाली मातीचा गिलावा. माती, शेण, भाताचं तूस, गवताचे तंतू. माळवदाच्या घरात आई भिंतीला लावायची तोच. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग : गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, पांढरा. निळा तेवढा लांबून आलेला, अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द दगड. माझाही निळा ट्यूबमधलाच आहे, आणि त्याचं मला आता काही वाटत नाही.

तिथं एक गोष्ट नीट समजली. युरोपातलं अस्सल भित्तिचित्र ओल्या चुन्यावर काढतात. गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचा तुकडा पुरा करावाच लागतो. अजिंठ्याचा चित्रकार वाळलेल्या गिलाव्यावर, डिंका-सरसाच्या रंगानं काम करत होता. गेरूनं रेखाटायचं, रंग भरायचे, आणि शेवटी गडद रेषेनं पुन्हा आकार बांधून घ्यायचा. म्हणजे त्याला मध्येच उठता येत होतं! परत येऊन तिथूनच पुढं जाता येत होतं. चुकलं तर वरून रंग देता येत होता. सतराव्या लेण्याच्या त्या अंधुक उजेडात मला हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना मी ते सांगितलं. त्यांनीही मन लावून ऐकलं.

माझी चित्रं अजिंठ्यासारखी नाहीत आणि तसा प्रयत्नही नाही. मी फक्त रीत घेतली. सकाळी सहाला चहा होतो, तेव्हा ओट्यावर पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपं येतं. त्यात लसणाची परडी, ओला खलबत्ता, काल रात्रीची उरलेली अर्धी भाकरी अशी काही दिसतात की मी गेरूनं भराभर बांधून घेते. मग यांच्यासाठी नाश्त्याला सुशीला करायला उठते. मुरमुरे भिजवून पिळेपर्यंत पहिला हात वाळलेला असतो. दुसरा हात देते, वरणाला फोडणी घालते, येसर भाजते. ज्वारी, बाजरी, गहू, डाळी आणि मसाले भाजून दळलेल्या येसरचा जो रंग असतो, तो दुकानात कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही. लाल मातीत काजळी आणि थोडी पिवडी घालून मी तो करते, आणि बरणीवर 'येसर' अशीच चिठ्ठी लावली आहे. चित्र चार-पाच दिवस चालतं. त्याची मला घाई नसते आणि घरातल्या कुणाच्या हाकेचा राग येत नाही. पूर्वी यायचा, हेही खरं.

सगळ्यात अवघड गेली ती भाकरी. तिच्यात पांढरा आहे, पण पांढरी नाही. वॉटरकलरमध्ये मी तिचा गोल कोरा राखायचे आणि ती थाळीत ठेवलेल्या कागदासारखी दिसायची. आता आधी अख्खा गोल गडद भरते, येसर रंगानं, आणि त्यावर खडूचा पांढरा पातळ पातळ चढवत आणते, खालचं गडद मधून मधून दिसू देत. पांढरा सगळ्यात शेवटी येतो, पापुद्र्यासारखा. मग काजळीचे डाग.

गेल्या महिन्यात तशी एक भाकरी पुरी केली आणि वाळायला म्हणून दाराशी ठेवली. आई काठी टेकत आली, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मी वाट बघत होते. "कडंनं कच्ची राह्यली की गं ही," ती म्हणाली. "जाळावर फिरवली न्हाईस."

तिचं बरोबर होतं. मधले डाग मी मन लावून काढले होते, कड तशीच सोडली होती. गेरूत थोडी काजळी कालवली आणि बारीक कुंचल्यानं कड सगळीकडून शेकून घेतली. ती तोवर उभीच होती. मग "आता बरी झाली" म्हणून आत गेली, आणि मी कुंचला पाण्यात टाकून पीठ मळायला उठले, साडेअकरा होत आले होते.