कूपर ब्लॅकचा तो मागे रेललेला ओ

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या बेकरीचं काम केलं, दुकानावरचा बोर्ड, खोक्यांवरचे स्टिकर, मेनूकार्ड असं सगळं, आणि इंग्रजी नावासाठी मी जराही विचार न करता कूपर ब्लॅक हा जाडजूड फॉन्ट घेतला. तो जुनाट दिसतो असं कुणी म्हटलं की मला राहवतच नाही, म्हणून हे लिहितेय.

शिकागोच्या ओस्वाल्ड कूपरने काढलेला हा टाइप, १९२२ साली तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्याने, बाजारात आणला. कूपर जाहिरातींसाठी हाताने अक्षरं काढायचा आणि ते यात दिसतं. सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या रेषांना शेवटी काढलेले छोटे पाय, आहेत पण टोकं टोचत नाहीत, कडा अशा गोल की शाई कागदावर जराशी फुटलीय असं वाटावं. आणि तो ओ बघा ना, आतली पोकळी सरळ उभी नाहीच, मागे रेललीय, कारण मुळात तो तिरक्या धरलेल्या पेनाचा ओ आहे. आपला बोरू उलट्या बाजूने कापतात, म्हणून देवनागरीत जाड-बारीक बरोबर उलट पडतं, त्यामुळे दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या की मला आधी हा कलच दिसतो.

कूपर म्हणायचा, हा टाइप दूरदृष्टीच्या छापखानेवाल्यांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसत नाही. खरंच आहे ते, रस्त्यापलीकडून वाचता येतो. पुढे लेट्रासेट आलं, म्हणजे घासून अक्षरं उतरवायची ती शीट, तेव्हा तर याची चंगळच झाली, कारण तळ गोलसर असल्यामुळे एखादं अक्षर केसभर वरखाली बसलं तरी डोळ्याला खुपत नाही आणि अक्षरं एकमेकांना चिकटवून लावली की आणखीच छान दिसतात. ईझीजेटच्या नारिंगी-पांढऱ्या विमानांवरचं नावसुद्धा यातलंच. स्वस्त विमानकंपनीला असंच अक्षर हवं, घाबरवणारं नाही, ये बस म्हणणारं.

पण लहान साइजला लावू नका हो. मेनूच्या पहिल्या प्रिंटमध्ये मी पदार्थांची नावंही यातच १० पॉइंटला टाकली होती, ए आणि ई ची पोटं शाईने बुजली, सगळी ओळ काळी पट्टी दिसायला लागली. मग नावं साध्या रेग्युलर फॉन्टमध्ये घेतली आणि कूपर फक्त मथळ्यांना ठेवला, दोन-तीन शब्द, मोठे. ताणून रुंद तर कधीच करू नका, तो आधीच रुंद आहे, ताणला की गोलाई चपटी होते.

मराठी नावाला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ हा फॉन्ट लावला. त्याला सेरिफ नाहीत, पण वजन आणि गोलाई जुळते. फक्त शिरोरेषेमुळे मराठी ओळ जास्त भारी दिसत होती, म्हणून ती इंग्रजीपेक्षा थोडी लहान केली, मग बोर्ड बसला.