कोणती जात घेऊ?

"घरात लहान मुलं आहेत, कोणतं कुत्रं घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. गेली कित्येक वर्षं आमच्याकडे बेघर झालेली कुत्री येतात, काही आठवडे राहतात आणि नवं घर मिळालं की जातात. त्यामुळे ओळखीपाळखीत मी 'कुत्र्यांवाली ताई' झाले आहे. विचारणाऱ्यांचं बहुधा आधीच ठरलेलं असतं. लॅब्रेडॉर, नाहीतर गोल्डन रिट्रीव्हर, नाहीतर लांब कानांचं बीगलचं पिल्लू. मी फक्त मान डोलवायची बाकी असते.

माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दोन-तीन वर्षांचं, मुलांच्या गोंगाटात राहिलेलं आणि त्या गोंगाटातही झोप लागणारं कुत्रं घ्या. जात कुठलीही चालेल. पिल्लू मात्र नको.

"पिल्लू नको? मग मजा काय?"

ती मजा मी चाखलेली आहे. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही दोन महिन्यांचं पिल्लू आणलं, गोट्या. पहिले दोन दिवस दोघं एकमेकांना सोडेनात. तिसऱ्या दिवशी गोट्याला शोध लागला की हे छोटं माणूस पळतं, किंचाळतं आणि त्याच्या फ्रॉकची झालर हलते. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, टाचणीसारखे. ते पडून पक्के 42 येईपर्यंत पिल्लू साधारण सहा-सात महिन्यांचं होतं आणि तोवर दिसेल ते तोंडात जातं. भावंडांशी ते असंच खेळत असतं. एकानं जास्त जोरात धरलं की दुसरं कळवळतं, खेळ थांबतो आणि किती जोर चालतो ते दोघांना कळतं. माझ्या लेकीला हा नियम ठाऊक नव्हता. ती हात वर करून ओरडत पळायची आणि गोट्याला वाटायचं, आता खरा रंग भरला! तीनेक आठवडे ती सोफ्यावर उभी राहून जेवली. तिथून बाथरूमपर्यंत मी तिला कडेवर न्यायचे आणि माझ्या सलवारीला गोट्या लोंबकळत यायचा. रात्री दोनदा त्याला शूसाठी बाहेर काढायचं, ते वेगळंच.

गोट्या पुढे चांगला निघाला, तेरा वर्षं राहिला. पण ते पहिलं वर्ष मी कुणाला सुचवणार नाही, निदान पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर नाहीच.

"लहानपणापासून घेतलं की आपल्याला हवं तसं घडवता येतं" हे अर्धंच खरं आहे. जगाशी ओळख करून घेण्याचा पिल्लाचा खरा काळ असतो तो तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत. आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडायचं नसतं. म्हणजे तुमच्या हातात येतं तेव्हा त्यातला बराच काळ दुसरीकडे गेलेला असतो. तिथे त्यानं मूल पाहिलंय, मिक्सरचा आवाज ऐकलाय, की नुसता पिंजराच पाहिलाय, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. शिवाय त्या वयात घेतलेल्या स्वभावाच्या चाचण्या पुढचा फारसा भरवसा देत नाहीत. पिल्लू हे बंद पाकीट आहे. मोठं कुत्रं कसं आहे ते समोरच दिसतं.

जातीला काहीच अर्थ नाही, असंही नाही. प्रत्येक जातीमागे तिचा जुना धंदा असतो आणि तो घरात येतोच. बॉर्डर कॉलीला मेंढ्या वळायच्या असतात. मेंढ्या नसतील तर वाढदिवसाला आलेली दहा मुलं चालतात, अगदी घोट्याला चिमटे काढून ती त्यांना एका कोपऱ्यात गोळा करते. बीगल नाकानं जगतो. वास लागला की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे दार सताड उघडं टाकणारी मुलं आणि बीगल हा संयोग मी टाळते. लॅब्रेडॉर गोड, यात वाद नाही. पण 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असल्याचं आढळलं. ह्या कुत्र्यांना खाण्याचा सोस जास्त असतो. आता समोर दीड वर्षाचं मूल आणा, हातात बिस्किट. तीस किलोचा मायाळू धक्कासुद्धा धक्काच. त्याची शेपूट तर बरोबर मुलाच्या तोंडाच्या उंचीवर हलते.

"मग लहान मुलाला लहान कुत्रं?" हा तर सगळ्यात मोठा गैरसमज. मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांच्या अभ्यासात माणसांवर दात काढण्यात डॅक्सहुंड आणि चिवावा पुढे होते. त्यात चिवावाची हाडं इतकी नाजूक की मुलाच्या हातातून पडला तर पाय मोडतो.

2022 मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के जातीनं समजावता येतो, असं त्यात निघालं. म्हणून मी जात विचारत नाही, ते एक कुत्रं बघते.

कसं बघते? परवाचंच सांगते. एक जोडपं सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. बीगलच हवा होता. माझ्याकडे तेव्हा दोन कुत्री होती. एक देखणा गोल्डन रिट्रीव्हर आणि दुसरी काळी, अडीच वर्षांची, जातीचा पत्ता नाही, एक कान उभा आणि एक पडलेला. मुलाला मी जमिनीवर बसवलं, कुत्र्याकडे कूस करून, हात मांडीवर. बोलवायचं नाही, हात पुढे करायचा नाही. त्यानं ऐकलं. त्याच्या बाबांना राहवत नव्हतं, "अरे लाव ना हात!" चालूच.

गोल्डन टेबलामागे जाऊन उभा राहिला. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं. काळी तीन-चार मिनिटांनी आली, मुलाचा मोजा हुंगला, गेली, परत आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकून बसली. मग मी मुद्दाम स्टीलचं झाकण पाडलं. काळी दचकली, चार पावलं मागे सरकली आणि मग झाकण हुंगायला आली. मला नेमकं हेच बघायचं असतं. दचकण्यात काही वावगं नाही, सावरायला किती वेळ लागतो ते महत्त्वाचं. गोल्डन दहा मिनिटांनीही टेबलामागेच होता. तो मुलं नसलेल्या घरी जाईल, असं मी म्हटलं तेव्हा बाबांचा चेहरा पडला.

लोक मला कौतुकानं फोटो पाठवतात. मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलेलं, खाली तीन बदाम. मी आधी कुत्र्याचं तोंड बघते. मान वळवलेली, कान मागे, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतोय. कुत्री एकमेकांना मिठ्या मारत नाहीत. मान फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, ओठ चाटणं, हे त्यांचं "पुरे आता". ते ऐकलं नाही तर गुरगुरतात, आणि नेमकं त्यावर आपण रागावतो.

मीही रागावले होते. लेकीनं कानाला हात लावला, गोट्या गुरगुरला, मी त्याला दटावलं. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं, पण ह्या वेळी आवाज नाही, थेट दात. कातडी फाटली नाही, मनगटावर चार लाल ठिपके उठले. डॉक्टरांनी कानात बघितलं तर आत पू. तो सांगत होता आणि मी त्याला सांगायला बंदी केली होती.

मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचंच असतं, कित्येकदा घरचंच, आणि लहानग्यांच्या बाबतीत चावा बऱ्याचदा चेहऱ्यावर बसतो, कारण मुलाचा चेहराच कुत्र्याच्या तोंडासमोर असतो. म्हणून कुत्रं कितीही गुणी असो, तान्ह्याला किंवा चार-पाच वर्षांच्या मुलाला त्याच्यापाशी एकटं सोडायचं नाही, दूध उतू जात असलं तरी. आणि घरात एक कोपरा असा हवा जिथे कुत्रं गेलं की मुलांनी जायचं नाही.

औषधपाण्याचं थोडक्यात. रेबीजची लस पिल्लू तीनेक महिन्यांचं झालं की, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. जंताचं औषध चुकवू नका. चावा किंवा ओरखडा कातडी फोडून गेला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, घरचं कुत्रं असलं तरी. चॉकलेट, मनुका, कांदा मुलांच्या ताटातून त्याच्या तोंडात जाता कामा नये.

"मीच फिरवीन रोज, शप्पथ!" ह्या शपथेचा एक हिशेब करा. दहा वर्षांच्या मुलासाठी आज दोन वर्षांचं कुत्रं घेतलंत तर ते म्हातारं होईल तेव्हा मूल विशीत असेल, कदाचित दुसऱ्या गावी. कुत्रं तुमचं आहे. पावसात पट्टा तुमच्या हातात असणार. ते चालणार असेल तरच पुढचं बोलू.

काळी त्या मुलाकडे गेली. निघताना तो रडवेला झाला होता. "मिठी मारायची नाही, तर ती मला आवडते हे तिला कळणार कसं?" मी म्हटलं, छातीवर खाजव, तीन आकडे मोज आणि हात काढून घे. तिनं परत नाक लावलं तर अजून तीन. नाही लावलं तर बास.

काल त्याच्या आईचा फोन होता. रात्री झोपायला चल म्हटलं तर म्हणे, "थांब ना आई, तिचं अजून बास नाही झालंय."