कोडिंग येत नाही? मग कोहाला तुमचीच गरज आहे

"मॅडम, मला कोडिंग येत नाही, मी तिथे येऊन काय करणार?" कोहाबद्दल बोलायला लागलं की ग्रंथपाल मंडळींकडून हा प्रश्न ठरलेला. आणि विचारणारी माणसं कोण, तर ज्यांनी वर्षानुवर्षं काउंटर सांभाळलाय, ॲक्सेशन रजिस्टर हाताने लिहिलंय, परीक्षेच्या आधी नो-ड्यूजसाठी लागलेली रांग एकट्याने संपवलीये. त्यांना वाटतं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, हे फक्त इंजिनिअरिंगच्या पोरांचं काम. मला खरंच वाईट वाटतं हे ऐकून, कारण कोहामध्ये ज्या माणसांचा कायम तुटवडा असतो ती नेमकी हीच.

ज्यांना कोहा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लायब्ररीचं सॉफ्टवेअर आहे, पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, दंड, वाचकांना शोधायला ओपॅक, सगळं एकात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टकडे जी जुनी सिस्टिम होती ती २००० साल उजाडलं की चालणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी कॅटिपो नावाच्या कंपनीकडून नवीन लिहून घेतली आणि स्वतःपुरती न ठेवता जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना मोकळी करून दिली. जानेवारी २००० पासून ती वापरात आहे. आपल्याकडे नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, कागदपत्रांत लायब्ररी ऑटोमेटेड आहे का, सॉफ्टवेअर कुठलं, असं विचारतात, तिथे बरीच कॉलेजं 'कोहा' लिहितात. २०११ ची कोहाकॉन, म्हणजे कोहावाल्यांची जागतिक परिषद, तर आपल्या ठाण्यातच झाली होती. इतकं जवळचं असूनही आपल्या बहुतेकांसाठी कोहा म्हणजे 'कुणीतरी येऊन टाकून दिलेलं सॉफ्टवेअर', त्यात काही खटकलं तर सांगायचं कुणाला आणि सांगून होणार काय, हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

तर आता मुद्द्याचं. नवीन माणसाला कम्युनिटीत घ्यायचं म्हणजे काय करायचं, यावर मी बरंच काही वाचलं, ऐकलं, करून पाहिलं. वेलकम मेसेज, ग्रुपमध्ये ॲड करणं, वीस लिंक पाठवून देणं. यातलं काहीच फारसं उपयोगाचं नाही असं माझं आता स्पष्ट मत झालंय. लग्नघरात आलेल्याला नुसती खुर्ची दिली की तो पाहुणाच राहतो, लसूण सोलायला दिला की अर्ध्या तासात घरातल्यांशी बोलायला लागतो, तसंच आहे हे. पहिल्या दिवशी खरं काम हातात पडलं पाहिजे, आणि ते काम त्या माणसाला आधीपासून येत असलेल्या गोष्टीचं पाहिजे.

कोहात असं काम आहे, त्याला साइन-ऑफ म्हणतात. कोहात कुठलाही बदल, अगदी एका शब्दाचा असला तरी, थेट आत जात नाही. बगझिला नावाच्या यादीत आधी त्याची नोंद होते, त्या नोंदीला बग म्हणतात, मग कुणीतरी पॅच, म्हणजे तो बदल करणारा कोडचा तुकडा, लिहून लावतो आणि सोबत टेस्ट प्लॅन देतो, म्हणजे हे उघडा, इथे क्लिक करा, आधी हे दिसेल, पॅच लावल्यावर ते दिसायला हवं. मग लिहिणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी ते करून बघून 'हो, चालतंय' म्हणून आपलं नाव लावायचं, हा साइन-ऑफ. त्यानंतर क्यूए, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, टीममधला तिसरा माणूस कोड तपासतो, आणि शेवटी रिलीज मॅनेजर तो आत घेतो. यातली साइन-ऑफची पायरी अशी आहे की तिथे कोड वाचता यावाच लागतो असं नाही. पुस्तक रिन्यू करताना दंड बरोबर धरला का, होल्ड लागलेलं, म्हणजे दुसऱ्या वाचकाने राखून ठेवलेलं, पुस्तक चेक-इन केल्यावर मेसेज नीट आला का, हे डेव्हलपरपेक्षा काउंटरवरच्या माणसाला जास्त कळतं, त्यात वादच नाही.

आणि इन्स्टॉल करायची भानगडही नाही. सँडबॉक्स आहेत, ब्राउझरमध्ये बग नंबर टाकायचा, थोडा वेळ थांबायचं, की तो पॅच लावलेला एक कोरा कोहा तुमच्यापुरता तयार होतो. आत खोटी पुस्तकं, खोटे वाचक. काहीही दाबा, काहीही डिलीट करा, कुणाचं काही बिघडत नाही. तपासून झालं की तिथूनच साइन-ऑफ करता येतं. हे ज्यांनी बनवलं त्यांचे मी मनापासून आभार मानते, कारण आपल्या कॉलेजांमधल्या चार जीबी रॅमच्या मशीनवर डेव्हलपमेंट सेटअप लावायला सांगितलं असतं तर निम्मी माणसं पहिल्याच दिवशी घरी गेली असती.

मी नवीन कुणाला घेऊन बसते तेव्हा पहिला बग मी स्वतः आधी निवडून ठेवते. बगझिलात प्रत्येक पॅच किती मोठा आहे ते लिहिलेलं असतं, स्ट्रिंग पॅच म्हणजे फक्त स्क्रीनवरचे शब्द बदललेत, मग ट्रिव्हियल, स्मॉल, मीडियम, लार्ज. पहिल्या दिवशी स्ट्रिंग नाहीतर ट्रिव्हियल, त्याच्या वर जायचं नाही. आणि तो बग त्यांच्या रोजच्या कामातला असेल असं बघते, कॅटलॉगिंगवाल्यांना मार्कचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या ठरलेल्या साच्याचा, काउंटरवाल्यांना सर्क्युलेशनचा, म्हणजे देवघेवीचा. यात माझी संध्याकाळ जाते पण ही मेहनत टाळून चालत नाही. 'यादीत बघा, जमेल ते घ्या' म्हणून सोडून दिलं तर नवीन माणूस त्या लांबलचक यादीकडे बघतो, पहिले चार उघडतो, एकही कळत नाही, आणि आपल्याला जमणार नाही असं ठरवून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट इंग्रजीची. आपल्याकडची माणसं बगझिलावर दोन ओळी लिहायच्या म्हणजे इतकी घाबरतात की काय सांगू, चूक झाली तर जगभर दिसेल म्हणून. मग मलाच व्हॉट्सॲपवर खाजगीत विचारतात, "मॅडम हे तुम्हीच टाका ना तिथे." मी टाकत नाही. मराठीत सांगा म्हणते, काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, मग आपण दोघी मिळून त्याच्या तीन साध्या इंग्रजी ओळी करतो आणि त्या त्यांच्याच नावाने, त्यांच्याच अकाउंटवरून जातात. एकदा तिकडून कुणाचं तरी 'थँक्स फॉर टेस्टिंग' आलं की पुढच्या वेळी विचारायची गरज राहत नाही. 'रिस्पेक्टेड सर' लिहायचं की नाही हाही नेहमीचा प्रश्न. आपल्या क्षेत्रात सर-मॅडमशिवाय वाक्य सुरू होत नाही, तिकडे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने बोलतात, रिलीज मॅनेजरलासुद्धा. मी सांगते, 'हाय' लिहा आणि सरळ मुद्द्यावर या, आणि सर लिहिलंत तरी कुणी रागावणार नाही.

एक गोष्ट मात्र मी आधीच बजावून सांगते, कारण नंतर सांगून उपयोग नसतो. साइन-ऑफमध्ये तुमचं नाव आणि ईमेल कायमचं कोडच्या इतिहासात जातं, सगळ्यांना दिसतं, पुसता येत नाही. त्यामुळे वेगळा ईमेल काढायचा असेल तर तो पहिल्या साइन-ऑफच्या आधी काढा. विशेषतः मुलींना मी हे सांगतेच.

आणि टेस्ट फेल झाली तर? जळगावकडच्या एका मॅडम माझ्याबरोबर ऑनलाइन बसल्या होत्या, पॅचमध्ये सांगितलेलं दिसेचना, त्या सारख्या 'माझंच काहीतरी चुकतंय' म्हणत राहिल्या. त्यांचं काही चुकलेलं नव्हतं, पॅचच एका ठिकाणी अपुरा होता, चेक-आउटच्या पानावर मेसेज बदललेला पण रिन्यूच्या पानावर जुनाच. त्यांनी तसं लिहिलं, स्टेटस 'फेल्ड क्यूए' केलं, आणि ज्याने पॅच लिहिला होता त्याने नवीन पॅच लावला. नवीन माणसाला हे तोंडाने सांगायलाच लागतं, की चालत नाही हे शोधून काढणं हेसुद्धा पूर्ण काम आहे, साइन-ऑफइतकंच मोलाचं. आपल्या शिक्षणात 'उत्तर जुळलं नाही म्हणजे आपलं चुकलं' हे इतकं मुरलंय की ते स्वतःहून कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता जे बरं चाललेलं नाही तेही लिहिते. साइन-ऑफसाठी थांबलेले पॅच कायम खूप असतात, तपासणारी माणसं कमी. त्यामुळे नवीन कुणी स्वतःहून एखादी अडचण नोंदवली तर तिला कधीकधी बरेच दिवस कुणी उत्तरच देत नाही. तिकडच्या माणसाला माहीत असतं की यादी लांब आहे, वेळ लागतो, पण इकडे ज्याने हिंमत करून आयुष्यातला पहिला बग लिहिलाय त्याला वाटतं आपण काहीतरी मूर्खासारखं विचारलं. तो परत येत नाही. आणि हे एकट्या कोहाचं नाही. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ नंतर कमी होत गेले, त्यावर २०१३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची संपादनं झटपट उलटवली जात होती आणि ती माणसं टिकत नव्हती. तिथे निदान कुणीतरी बघून उलटवत तरी होतं, आमच्याकडे शांतता असते, आणि शांततेचा अर्थ नवीन माणूस नेहमी स्वतःच्या विरुद्ध लावतो. म्हणून आपल्याकडच्या कुणाचा नवीन बग दिसला की मी आधी उत्तर देते, मला उपाय माहीत नसला तरी देते. 'माझ्याकडे पण असंच दिसतं, अमुक व्हर्जन आहे' एवढी एक ओळ. ही ओळ लिहायला कुणालाही जमेल, प्लीज लिहा.

वर्कशॉपबद्दलही बोलायलाच हवं. १२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाला ठिकठिकाणी कोहाच्या कार्यशाळा होतात, मी पण जाते, आयोजक खूप कष्ट घेतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, बीजभाषण, जेवण, आणि मग उरलेल्या तासाभरात दीडशे लोकांना हँड्स-ऑन, नंतर सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. सर्टिफिकेट लागतं, प्रमोशनच्या फाइलला लावायचं असतं, त्यात काही वावगं नाही. पण अशा दिवसातून पुढे काम करत राहिलेला माणूस मला तरी क्वचितच भेटलाय. तीन माणसं, एक शनिवार दुपार, प्रत्येकाचा एक बग, यातून मात्र माणसं टिकलेली बघितलीयेत. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की दीडशे बोलवा खुशाल, पण शेवटी ज्यांना पुढे यायचंय त्यांची नावं घ्या आणि त्यांच्यासोबत पुढच्याच आठवड्यात कुणीतरी बसा. महिन्याने नाही, पुढच्याच आठवड्यात.

कारण खरी गळती पहिल्या कामानंतर होते असं माझं निरीक्षण आहे. पहिला साइन-ऑफ झाला, आनंद झाला, स्क्रीनशॉट स्टेटसला लावला, आणि मग? म्हणून मी पहिलं काम संपायच्या आधीच दुसरा बग काढून ठेवते, थोडासा अवघड, आणि दोन साइन-ऑफ झाल्यावर त्यांना सांगते आता पुढचा तुम्ही शोधा आणि का निवडला ते मला सांगा. ज्या दिवशी त्या स्वतः शोधून आणतात त्या दिवसापासून त्यांना माझी गरज नसते, आणि त्याच बाई पुढे त्यांच्या शेजारच्या तालुक्यातल्या कुणालातरी घेऊन बसतात. दर रिलीजच्या नोट्समध्ये, म्हणजे मे आणि नोव्हेंबरमध्ये, ज्यांनी ज्यांनी टेस्टिंग केलं त्यांची नावं छापलेली असतात. ज्यांचा पहिला कोड आत जातो त्यांची तर कितवा डेव्हलपर अशी नोंद कोहाच्या इतिहासात होते, आणि तो इतिहास कोहात स्टाफ म्हणून लॉग-इन केलं की अबाउट पानावर वाचता येतो. नाव आलेल्यांना मी ते पान मुद्दाम प्राचार्यांना दाखवायला सांगते. लाजू नका, दाखवा. आठवड्याचा एक तास या कामाला मागायचा असेल तर तेच पान टेबलावर ठेवायचं.

आपल्या लोकांची मला एवढी ओढ का, तर काही गोष्टी आपल्याशिवाय कुणाला दिसणारच नाहीत. देवनागरीतल्या नोंदी शोधताना इंडेक्सिंगला, म्हणजे शोधासाठीची सूची बनवायला, आयसीयू नावाचं वेगवेगळ्या लिप्या सांभाळणारं सेटिंग नसेल तर शोध नीट लागत नाही, हे आपल्यातल्या कित्येकांनी सोसून शिकलंय. मराठी आडनावांचा क्रम, एकाच लेखकाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं, एकाच बारकोड मालिकेत मराठी-इंग्रजी-हिंदी पुस्तकं, हे हेलसिंकी किंवा वेलिंग्टनमध्ये बसलेल्या अगदी हुशार माणसालाही सुचणार नाही, त्याच्या लायब्ररीत ते नसतंच. आणि वेळेच्या हिशोबाने तर आपण मस्त मधोमध आहोत. आपली सकाळ म्हणजे न्यूझीलंडची दुपार, आपली दुपार झाली की युरोप जागा होतो, संध्याकाळी अमेरिका. आपण दिवसा चॅटवर प्रश्न टाकला तर कुठलं ना कुठलं ऑफिस उघडं असतंच.

तर यायचं असेल त्यांच्यासाठी. शनिवारी दुपारी आम्ही ऑनलाइन बसतो, एका वेळी तीनच जण, जास्त झाले की मला कुणाकडेच नीट लक्ष देता येत नाही. संध्याकाळची वेळ मुद्दाम ठेवलेली नाही, घरचं, स्वयंपाक, लांबची एसटी, सगळ्यांचं असतं. कॉलेजचा डेस्कटॉप चालेल, ब्राउझर पुरे. खाली कमेंटमध्ये एवढंच लिहा की तुम्ही लायब्ररीत रोज नेमकं कोणतं काम करता आणि कोहात सगळ्यात जास्त चिडचिड कशावर होते. ईमेल, फोन काही टाकू नका, कमेंटलाच उत्तर देऊन लिंक कशी पाठवायची ते बघू. तुमच्या चिडचिडीचा बग आधीच कुणी नोंदवलाय का ते मी शोधून ठेवते, बहुतेक वेळा नोंदवलेला असतो आणि कधीकधी त्याचा पॅचही तयार असतो, फक्त तपासायला कुणी नसतं.