गुडघ्याची कूर्चा आणि ते पिवळं कार्ड

व्यायामाचा मला कंटाळा आला नाही. डोकं फिरलं ते फिजिओथेरपीच्या त्या पिवळ्या कार्डानं.

रोप लावताना चिखलात पाय रुतला आणि अंग वरच्या वर वळलं. गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये वाटीमागच्या कूर्चेला, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराला, ग्रेड 3 ची इजा निघाली, म्हणजे निम्म्याहून जास्त जाडी गेलेली, खालचं हाड अजून उघडं पडलेलं नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं नंतर बघू, आधी फिजिओथेरपी. इथवर सगळं सरळ झालं.

बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. कार्डावर दहा घरं, रोज एक शिक्का. घरं भरली की नव्या कार्डावर डॉक्टरांची सही, आणि ते ओपीडीला बसणार सोमवारी नि गुरुवारी. सही झाली की पैसे भरायला काउंटर, तिथली पावती घेऊन परत विभागात, तोवर जेवणाची सुट्टी. खिडकीतून एकच उत्तर, "नाळे बर्री." उद्या या म्हणायला त्यांचं काय जातंय? खानापूरहून येणाऱ्या बाईचा अख्खा दिवस जातो. कर्नाटकाच्या 'शक्ती' योजनेमुळं 2023 पासून आम्हा बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, खरं जागा कुठं मिळते! सुजलेला गुडघा घेऊन दांडीला धरून उभं राहायचं, आणि पोचल्यावर बाकड्यावर वाट बघत बसायचं.

एवढं करून मिळायचं काय? पडदा ओढून गरम शेक, मग गुडघ्याभोवती रबरी चकत्या लावून करंट. सूज असताना शेक! व्यायामाचं विचारलं की "दुखणं कमी होऊ दे, मग बघू." शिक्का मारला की पुढचा पेशंट.

एके दिवशी लाईट गेली आणि मशीन बंद पडलं. निपाणीकडची एक शिकाऊ मुलगी होती, तिनं टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी दोन सेंटिमीटर बारीक! म्हणाली, "काकू, गुडघ्यात पाणी असलं की मांडीचा स्नायू नीट आवळतच नाही. तो जागा केल्याशिवाय गुडघ्यावरचा भार हलका व्हायचा नाही." कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, दाब पडला-सुटला की सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं, म्हणून नुसतं पडून राहणंही वाईट, हेही तिनंच सांगितलं. इतके दिवस हे कुणी सांगायला काय हरकत होती?

पुढचं घरीच जमलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायची. पाय सरळ ठेवून उचलायचा. सूज उतरल्यावर गुडघे थोडेच वाकवून अर्ध्या बैठका, नंतर बुटक्या पायरीवर चढ-उतार. सायकल चालवायची तर सीट उंच, पेडल हलकं. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर तेवढं कमी करायचं. मांडी घालून आणि उकिडवं बसणं मात्र बंद. भाकऱ्या मी उभ्यानं थापायला लागले, सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

पायऱ्यांचं राहिलंच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घेतलीत तर चांगल्या बाजूच्या हातात. वजन एक किलो उतरलं तरी चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलो भार कमी होतो, ह्याचा मला फार उपयोग झाला.

मांडी आता जवळजवळ सारखी भरलीय, टेपनं मीच मोजते. तुम्हाला अशा कार्डाच्या विभागात जायची वेळ आली तर पहिल्याच दिवशी विचारा, "व्यायाम कोण शिकवणार?" आणि सात-आठ घरं भरली की लगेच सहीच्या रांगेत उभं राहा. दहावं भरायची वाट बघितलीत तर मधला सोमवार गेला म्हणून समजा.