'तुझ्या'मधल्या 'तु'ने डोकं खाल्लं! वृत्तात कविता लिहायला शिकतानाचा माझा अनुभव

मुक्तछंदात लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, सुचलं की मोबाईलच्या नोट्समध्ये टाईप केलं, झालं. माझं घोडं अडलं ते वृत्तात, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या साच्यात, लिहायची हौस आल्यावर. भुजंगप्रयात घेतलं, कारण मनाचे श्लोक त्याच वृत्तात आहेत आणि ती चाल लहानपणापासून डोक्यात फिट्ट बसलेली. ओळीत १२ अक्षरं, 'लगागा' चार वेळा; ल म्हणजे लघु, आखूड उच्चाराचं अक्षर, त्याची १ मात्रा (उच्चाराच्या वेळेचं माप), गा म्हणजे गुरू, लांब उच्चाराचं, त्याच्या २, म्हणजे ओळीच्या २०. बाबांवर ओळ सुचली, "तुझ्या पाकिटाला जुना वास आहे". चालीत म्हणून बघितली, कुठेच अडखळेना, मग खूश होऊन कविता शिकवणाऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली.

अ‍ॅडमिन सरांचं उत्तर काय, तर लाल फुली आणि "मात्रा तपासा". बस्स! कुठली मात्रा, कुठल्या शब्दात, काही नाही. विचारलं, सर नक्की कुठे चुकतंय, तर "नियम वाचा". अहो वाचलेत म्हणूनच लिहिलंय ना! बोटं मोजून मोजून दुखायला लागली, दर वेळी २०च येतात. शेवटी ग्रुपवरच्याच एका ताईंनी पर्सनलवर सांगितलं की 'झ्या' जोडाक्षर आहे, म्हणून आधीचा 'तु' गुरू, तुमच्या २१ होतात. आता आली का पंचाईत! म्हणजे तुझ्या, तुम्ही, पुन्हा, सगळेच बाद? मग मराठीत कविता करायची कशी? तरी पण ओळ बदलत बसले, 'तुझ्या' काढलं की बाबाच निघून जायचे, नुसतं पाकीट उरायचं. वैताग!

सुटका केली आईच्या ओळखीतल्या एका रिटायर्ड मराठीच्या बाईंनी. म्हणाल्या, "अगं, 'मना सज्जना' म्हण. आता 'मना'च्या जागी 'तुझ्या' म्हण." बसलं की चपखल! 'सज्जना' म्हणताना 'स' पुढच्या 'ज्ज'वर आपटतो, म्हणून तो गुरू. 'तुझ्या'तला 'तु' कशावरच आपटत नाही, म्हणून लघुच. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच ते गुरू, हा नियमाचा अर्धा भाग सगळे गाळतात. 'सत्य'चा 'स' गुरू, 'पुन्हा'चा 'पु' लघु. म्हणजे माझी ओळ पहिल्यापासून बरोबर होती!! हे ग्रुपवर सविस्तर लिहिलं, सरांनी नुसता अंगठा टाकला.

तर नवीन लिहिणाऱ्यांनी आधी मोठ्याने म्हणा, मग बोटं मोजा, उलटं नको. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, वृत्ताची भीती वाटत असेल तर अभंगापासून सुरू करा, ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक, लघु-गुरूची भानगडच नाही. खोडलेल्या ओळी डिलीट करू नका, माझं दुसरं कडवं तशाच एका टाकलेल्या ओळीतून निघालं. अजून एक, ओळीचं शेवटचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी गरजेप्रमाणे गुरू धरतात, त्यामुळे तिथे कोणी फुली मारली तर ऐकून घेऊ नका, कुठे चुकलं ते विचाराच.